मावशींना पशुपतिनाथाला न्यायचंय, पण कसं?

बिटको चौकातल्या आमच्या कट्ट्यावर परवा मंदारने विषय काढला आणि रात्री साडेदहापर्यंत कोणी उठलं नाही. त्याची आई, म्हणजे आमच्या मावशी, ७१ वर्षांची. श्रावणात पशुपतिनाथाचं दर्शन घ्यायचं म्हणते. चौघं जण, काठमांडूला जायचं कसं?

सुनीलचं उत्तर तयारच होतं. "कुशीनगर एक्स्प्रेस पकड. नाशिकरोडला बसलास की ३० तासांच्या आसपास गोरखपूर. तिथून सीमेवरचं सोनौली शंभरेक किलोमीटर. कमानीखालून चालत गेलं की नेपाळ. व्हिसा लागत नाही. पलीकडे काठमांडूची बस उभीच असते."

"आणि मुंबईहून विमानाने तीन तास," वैशाली म्हणाली. "मावशींचे गुडघे बघितलेस का?"

"मावशींकडे पासपोर्ट कुठाय?"

"लागत नाही. मतदार ओळखपत्रावर जाता येतं, आणि ६५ च्या पुढच्यांना आधारही चालतं. मंदार, तुला मात्र नुसत्या आधारवर विमानात चढू देणार नाहीत, एवढं ध्यानात ठेव."

सुनील पैशांवर आला. चौघांच्या विमानाच्या तिकिटांत रेल्वेने जाऊन-येऊन वर आठवडाभर राहणं होईल, शिवाय तिकडे आपल्या १०० रुपयांचे १६० होतात. हिशोब खरा होता. पण मला राहवेना.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी सोनौलीपलीकडच्या भैरहव्याहून काठमांडूची रात्रीची बस धरली होती. बुटवलच्या पुढे रस्ता खोदलेला, नुसते धक्के. नारायणगढ सोडून मुगलिंगकडे वळलो आणि त्रिशूली सोबतीला आली. काळोखात नदी दिसत नव्हती, खालून तिचा घोंघाट तेवढा येत होता. एका वळणावर बस थांबली. क्लीनर बॅटरी घेऊन उतरला, रस्त्यावर आलेले दगड हातांनी बाजूला सारले, पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि आम्ही निघालो. वरून माती सुटत होती, ती त्याच्या बॅटरीच्या उजेडात मला स्पष्ट दिसली. पहाट होईपर्यंत मी समोरच्या सीटचा दांडा सोडला नाही. त्याच पट्ट्यात, सिमलतालला, १२ जुलै २०२४ च्या पहाटे दरड आली आणि प्रवाशांनी भरलेल्या दोन बस नदीत गेल्या. मावशींना रात्रीच्या बसमध्ये बसवायचं नाही, असं मी निक्षून सांगितलं.

अशोककाका तोवर गप्प होते. एसटीत ड्रायव्हर होते, कसारा घाटात हयात गेली. म्हणाले, "रात्रीचं सोड. आपल्या वरणगाव-भुसावळकडच्या यात्रेकरूंची बस नेपाळात मर्स्यांगदी नदीत गेली ती भरदिवसा. २०२४ चाच ऑगस्ट. २७ माणसं गेली. दिवस-रात्र बघतोस तसा महिनाही बघ. पावसाळ्यात तसल्या घाटात चुकीला जागा नसते."

कोणीच काही बोललं नाही. जळगावला आणलेल्या त्या शवपेट्या आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिल्या होत्या.

"मग भैरहव्याहून काठमांडू विमानाने," सुनीलने अजून हार मानली नव्हती. "अर्धा-पाऊण तासाचं तर आहे." वैशालीने जानेवारी २०२३ ची पोखऱ्याची दुर्घटना काढली. ७२ जण. त्यावर सुनीलने मुंडी हलवली. शिवाय पावसाळी ढगांत तिकडची विमानं कधी सुटतील याचा भरवसा नसतो. मग गोरखपूरपर्यंत ३० तास घालवून मिळवलं काय?

मंदारने मला सरळ विचारलं, "तुझी आई असती तर?"

श्रावणातच जायचं असेल तर मुंबईहून थेट विमान, खर्च झाला तरी बेहत्तर. जाताना डावीकडची खिडकी घ्यावी, ढग नसले तर हिमालय त्याच बाजूला दिसतो. पण मनापासून विचाराल तर कार्तिकात जावं, आणि रेल्वेने. भैरहव्याला मुक्काम, दुसऱ्या दिवशी लुंबिनी, ती २५ किलोमीटरच्या आतच आहे. मग चितवनला एक रात्र, आणि मुगलिंगचा रस्ता सकाळच्या उन्हात. पाऊस सरलेला असतो, वर डोंगर धुतल्यासारखे दिसतात. एका दमात काठमांडू गाठायची घाई केली की मगच ती रात्रीची बस गळ्यात पडते.

मंदारने तिथूनच घरी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

"रेल्वेने गेलं तर लुंबिनी होईल म्हणतोस?"

"हो."

"मग कार्तिकातही सोमवार असतातच की रे."

सुनीलने लगेच मोबाइलवर कॅलेंडर उघडलं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, आणि कुशीनगरला खालचा बर्थ हवा तर त्या सकाळीच बसावं लागतं.