झानेले मुहोलींनी तोंडाला काळं फासलेलं नाही

दक्षिण आफ्रिकेतल्या छायाचित्रकार झानेले मुहोली यांची व्यक्तिचित्रं कुणी व्हॉट्सअॅपवर पुढे पाठवली की खाली एक मजकूर हमखास चिकटलेला असतो: 'अंगाला काळा रंग लावून, डोक्यात चिमटे खोचून काढलेले सेल्फी. यात सामाजिक प्रश्न कुठला?'

आधी रंगाचं बघू. तो लावलेलाच नाही. २०१२ पासूनच्या 'सोम्न्यामा न्गोन्यामा' (झुलू भाषेत 'काळ्या सिंहिणीचा जयजयकार') या स्वतःच्याच फोटोंच्या मालिकेत फोटो काढून झाल्यावर कॉन्ट्रास्ट (गडद आणि उजळ छटांमधला फरक) वाढवला जातो, आणि मुहोली यांनी ते कधी लपवलेलं नाही. त्वचेच्या गडद छटा आणखी गडद होतात, डोळ्यांचा पांढरा भाग उजळतो. गडद छटा जरा जास्त दाबल्या की गालाचं हाड, कपाळावरची चकाकी सगळं एका सपाट डागात बुडतं. चांगल्या प्रिंटमध्ये ती चकाकी शाबूत असते. व्हॉट्सअॅपवर दहा ठिकाणी फिरून आलेल्या फाइलमध्ये नेमके हेच बारकावे गेलेले असतात. मग चेहरा रंगवल्यासारखा दिसणारच.

आता चिमटे. 'बेस्टर १, मायोत, २०१५' हे चित्र मोठं करून बघा. केसांत लाकडी चिमट्यांचा मुकुट, कानांत डूल म्हणूनही चिमटेच. बेस्टर हे मुहोली यांच्या आईचं नाव. वर्णभेदाच्या काळात त्या गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी, घरकाम करत. दोरीवर कपडे वाळत घालायची वस्तू इथे दागिना झाली ती म्हणून. 'थुलानी २' या चित्रातलं खाणकामगाराचं हेल्मेट मारिकानाच्या खाणीकडे बोट दाखवतं. तिथे ऑगस्ट २०१२ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात ३४ संपकरी मारले गेले.

आणि 'सेल्फी' म्हणणाऱ्यांनी 'फेसेस अँड फेजेस' ही मुहोली यांची दुसरी मालिका बहुधा पाहिलेलीच नसते. २००६ पासून कृष्णवर्णीय लेस्बियन आणि ट्रान्स व्यक्तींची ५०० हून अधिक कृष्णधवल चित्रं. नजर बहुतेकदा थेट कॅमेऱ्यात; सोबत नाव, ठिकाण, साल. मुहोली या माणसांना 'सहभागी' म्हणतात.

'या लोकांना कायद्याने सगळं मिळालंय की' हेही ऐकू येतं. दक्षिण आफ्रिकेची १९९६ ची राज्यघटना लैंगिक कलावरून भेदभाव करू देत नाही, २००६ मध्ये समलिंगी विवाहही कायदेशीर झाला. कबूल. पण त्याच देशात 'सुधारण्यासाठी' म्हणून लेस्बियन स्त्रियांवर बलात्कार झालेत, त्यांचे खून झालेत. प्रदर्शनात ही चित्रं भिंतीवर रांगांत लावतात, तेव्हा मधल्या काही जागा मुद्दाम मोकळ्या सोडतात. काही माणसं आता नाहीत, काहींची चित्रं अजून काढायची आहेत.