तत्त्वतः मी तुमच्याबरोबरच आहे

एखाद्या चळवळीत उतरायचं ठरलं की भोळी माणसं आधी मागण्यांचा कागद वाचायला घेतात. तुम्ही तो वेळ शब्द निवडण्यात घालवा. मागण्या ज्यांच्या त्यांच्याच राहणार. शब्द तुमच्या नावावर छापून येतो, आणि सकाळी सातच्या लोकलला लटकायचं की घरी पोहे खायचे, हे त्यावरच ठरतं.

नुसता ‘पाठिंबा’ कधीही देऊ नका. कोणीतरी तो खरा धरतो आणि बॅनरचं एक टोक हातात देतो. ‘जाहीर पाठिंबा’ बरा. जाहीर केला की संपला. ‘नैतिक’ त्याहून सरस, त्याला खुर्चीतून उठावंही लागत नाही. आणि ‘तत्त्वतः पाठिंबा’ म्हणजे तर इस्त्रीचे कपडे घालून आलेला विरोधच.

उपोषणाचंही तेच. ‘आमरण’च्या वाटेला जाऊ नये, तिथे रक्तदाब मोजायला डॉक्टर येतात. ‘साखळी’त कधीतरी आपली पाळी येते. ‘लाक्षणिक’ मात्र सोन्यासारखा शब्द! नाश्ता करून बसावं, जेवणाच्या सुमारास उठावं. बसताना लिंबूपाण्याचा पेला ज्या बाजूने येतो ती बाजू धरा, फोटोवाले तिकडेच वळतात.

जुन्या लोकांना ही कला साधली नाही. गांधीजींना दक्षिण आफ्रिकेत ‘पॅसिव्ह रेझिस्टन्स’ हा उसना शब्द खटकला, म्हणून ‘इंडियन ओपिनियन’मधून त्यांनी नव्या शब्दाला बक्षीस लावलं. मगनलाल गांधींनी ‘सदाग्रह’ सुचवला, गांधीजींनी त्याचा ‘सत्याग्रह’ केला. एवढा खटाटोप करून शब्द निघाला तो थेट तुरुंगात नेणारा! पुढे १९४२ मध्ये युसुफ मेहेरअलींनी ‘क्विट इंडिया’ सुचवलं, आपण ‘चले जाव’ म्हणालो. ‘इंग्रजांनी टप्प्याटप्प्याने जाण्याबाबत सकारात्मक विचार व्हावा’ असा सुरक्षित मसुदा गवालिया टँकवर एकालाही सुचू नये?

‘मी’ हा शब्द तर टाळाच. २०११ च्या ऑगस्टमध्ये ‘मी अण्णा’ लिहिलेल्या टोप्या गल्लोगल्ली दिसत होत्या. डिसेंबरात खुद्द अण्णा मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर उपोषणाला बसले, तेव्हा मैदान बरंच रिकामं होतं. इतके सगळे ‘मी’ गेले कुठे, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. ‘आपण सर्वांनी’ म्हणावं. त्यात कोणीच सापडत नाही.

मार्च २०१८ मध्ये शेतकरी नाशिकहून मुंबईला चालत आले, सुमारे १८० किलोमीटर. पायांची सालटी निघालेली. तरी दहावीच्या मुलांची परीक्षा चुकू नये म्हणून शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीच उरकला आणि पहाटेच्या आत आझाद मैदान गाठलं. अशा वेळी ‘आम्हीही चालतोय’ म्हणण्याची घाई नको. ‘या पावलांना सलाम’ म्हणा. सलाम बसूनही करता येतो. काही मुंबईकर पाणी, खाणं आणि चपला घेऊन रस्त्यावर आले होते. त्यांनी कुठलाही शब्द वापरला नाही. असली माणसं आपला भाव पाडतात.

सरकारी काम असेल तर ‘अभियान’. आंदोलन छेडतात, अभियान राबवतात. आणि राबणारे वेगळे, राबवणारे वेगळे, एवढं ध्यानात ठेवलं की पुरे. २०१९ मध्ये राज्यात ३३ कोटी झाडं लावायचं लक्ष्य होतं. देवांचीही संख्या तेवढीच, त्यामुळे मोजायला कोणी बसणार नाही ही सोय आपसूक झाली. रोप एक, हात पाच, फोटो पंधरा. पाणी घालणं या खात्यात येत नाही.

सगळं झाल्यावर ‘हा माझा खारीचा वाटा’ म्हणायला विसरू नका. त्या खारीने आधी वाळू वाहिली, मग तिच्या पाठीवर बोटं उमटली. आपण पाठ आधी पुढे करावी, वाळूचं नंतर बघता येतं.

बरं, रविवारी दहा वाजता चौकात मानवी साखळी आहे म्हणे. तुम्ही जाच. मला नेमकं त्याच वेळी बाहेरगावी जायचंय, पण माझा नैतिक पाठिंबा धरून चाला. यादीत नाव जरा वरच्या अंगाला घाला, आणि स्पेलिंग तेवढं मला विचारून घ्या.