बिनभाड्याचा भाडेकरू

शुक्रवारी संध्याकाळी पावणेसहाला आलेला एचआरचा मेल कधीच चांगला नसतो. पगारवाढीचे मेल सोमवारी सकाळी येतात. म्हणजे येत असावेत. या शुक्रवारी कळवलं होतं की, ज्यांच्या फोनवर कंपनीचं ‘डिव्हाइस मॅनेजमेंट’ ॲप नसेल त्यांच्या फोनवर सोमवारपासून ऑफिसचा मेल उघडणार नाही. आणि तळाला बारीक अक्षरात : ‘नोंदणी पूर्णपणे ऐच्छिक आहे.’

मी डिस्पॅचला आहे. माझा मेल उघडला नाही तर गाडी ई-वे बिलाविना गेटवर उभी राहते, ड्रायव्हर ट्रान्सपोर्टरला फोन लावतो, ट्रान्सपोर्टर मला, आणि मग माझ्या घराण्याचा उद्धार होतो. इतपत ऐच्छिक.

फोन माझा स्वतःचा. बारा हप्त्यांवर घेतलेला, त्यातले चार अजून जायचेत. रिचार्ज माझा, कव्हर माझं, स्कूटरवरून पडून गेलेला तडाही माझाच.

ॲप टाकलं. शेवटी एक स्क्रीन आला. मी फोन मराठीत ठेवतो, त्यामुळे बाकीच्यांच्या इंग्रजीत जे न वाचता खाली सरकतं ते मला स्वच्छ वाचावं लागलं. ‘सर्व डेटा मिटवा. स्क्रीन लॉक बदला. पासवर्डचे नियम सेट करा. स्क्रीन अनलॉक करण्याच्या प्रयत्नांवर लक्ष ठेवा.’ सगळं आज्ञार्थी. मला आधी वाटलं, हे मलाच करायला सांगताहेत. दुसऱ्यांदा वाचल्यावर उजेड पडला की हे सगळं ते करणार आहेत आणि मी फक्त हो म्हणायचंय.

माझं बालपण वाड्यात गेलं. आमचे मालक महिन्याला बावीस रुपये भाडं घेत आणि भिंतीत खिळा ठोकायचा तरी आधी विचारायला लावत. आयुष्यात कधीतरी आपण मालक व्हावं असं तेव्हापासून मनात होतं. झालो. भाडेकरू कंपनी, भाडं शून्य, खिळ्याची परवानगी मात्र मीच मागायची, आणि वाटलं तर घर जमीनदोस्त करायचा हक्क भाडेकरूला. मी ‘ॲक्टिव्हेट’ दाबलं.

दुसऱ्या मजल्यावर वकील राहतात. पार्किंगमध्ये गाठून विचारलं. ते खुलले. म्हणाले, २०१७ च्या ऑगस्टमध्ये पुट्टास्वामी खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलंय, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मी छाती फुगवली. ‘पण मूलभूत हक्क मुख्यतः सरकारपुढे मांडायचे. तुमची कंपनी सरकार नाही.’ छाती खाली. ‘कंपन्यांसाठी २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे. त्यात संमती मोकळेपणाने दिलेली आणि बिनशर्त हवी.’ पुन्हा वर. ‘मात्र कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी, कंपनीचं नुकसान टाळण्यासाठी वगैरे संमतीशिवायही डेटा वापरायची सोय ठेवलीय.’ एवढा प्राणायाम मी योगदिनालाही केला नव्हता.

घरी बायकोचा पहिला प्रश्न, ‘म्हणजे आपले फोटो साहेबांना दिसणार?’ मी गॅलरी उघडून पाहिली. आईच्या सुजलेल्या गुडघ्याचे सात फोटो, गिरणीवाल्याच्या वहीचं पान, सिलिंडरचं बुकिंग, आणि पार्किंगमध्ये गाडी आडवी लावणाऱ्याच्या नंबरप्लेटचे पुरावे, वेगवेगळ्या तारखांचे. साहेबांना यातलं काहीही दिसलं तर मला त्यांचीच दया आली असती. बायको मात्र तेव्हापासून व्हॉट्सॲपवर माझ्याशी ‘अहो, येताना कोथिंबीर आणाल का, कृपया’ अशा भाषेत बोलू लागली. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. ‘कृपया’ पहिल्यांदाच.

आणि लॉक. माझा पिन चार आकडी, जन्मसाल. नियमाने तो आता आठ आकडी झाला, त्यात एकच आकडा ओळीने नको, चढत्या क्रमाने नको. मी एका जुन्या इन्व्हॉइसचा नंबर टाकला. तो घरात कोणालाच माहीत नाही, हे मी विसरलो. दुपारी कीर्तन ऐकायला माझा फोन आई घेते, हेही विसरलो.

त्या रविवारी मी झोपलो होतो. आईने माझा जुना पिन टाकला, चालला नाही. मग तिने आठ आकडे मागताहेत म्हणजे पूर्ण जन्मतारीख असणार, असा तर्क केला. तर्क चांगला होता. आधी धाकट्या भावाची टाकली (माझा फोन, तरी आधी त्याचीच), मग नातवंडांची, मग बाबांची. पाच चुकांनंतर फोनने तीस सेकंद थांबायला सांगितलं. दुसऱ्या कोणी कंटाळून नाद सोडला असता. आई हरिपाठाचा एक अभंग म्हणत थांबली. पुन्हा टाकलं. शेवटी फोनने मराठीत, अगदी नम्रपणे सांगितलं की आणखी एक चूक झाली तर या डिव्हाइसवरील सर्व डेटा हटवला जाईल.

‘मी वाचलं की ते,’ आई नंतर म्हणाली. ‘म्हटलं, डेटा जाईल तर जाऊ दे. दीड जीबी काय, रात्री बाराला परत येतोच.’

फोन पार धुतला गेला. चालू केल्यावर त्याने मला ‘नमस्कार’ म्हटलं आणि भाषा विचारली. सात गुडघे गेले. पार्किंगचे पुरावे गेले, तो आडवी लावणारा सुटला.

सोमवारी आयटीतल्या पोराकडे गेलो, भांडायलाच. तो शांतपणे म्हणाला, ‘सर, दहा वेळा चुकलं की फोन पुसायचा अशी पॉलिसी आहे. चोरासाठी.’

‘चोर नव्हता, आई होती.’

‘सिस्टिमला कळत नाही ना, सर.’

त्याच्याकडूनच कळलं की फोनमध्ये ऑफिसची वेगळी खोली करता येते. तिला वर्क प्रोफाइल म्हणतात, ॲपवर छोट्या ब्रीफकेसचं चित्र येतं, आणि पुसायची वेळ आली तर तेवढी खोलीच पुसतात. अँड्रॉइडमध्ये ही सोय २०१४ पासून आहे. मग मला का नाही दिली? ‘आपली पॉलिसी जुनी आहे. बदलायची तर मंजुरी लागते.’ कोणाची, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

मग त्याने माझी नोंद उघडून दाखवली. फोटो नाहीत, मेसेज नाहीत. मॉडेल, शेवटचं सिंक, आणि लाल अक्षरात ‘नियमबाह्य’, कारण अपडेट केलं नव्हतं. खाली फोनवरच्या ॲप्सची यादी होती, पुसण्याआधीची. तो सवयीने खाली सरकवत गेला. हवामान. रेल्वे. भाचीसाठी घेतलेलं पत्रिका जुळवायचं ॲप. आणि त्याखाली नोकरी शोधायचं ॲप.

त्याचं बोट थांबलं. माझा घसा कोरडा. एसीचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि यादी हळूच वर सरकवली.

‘हे माझ्याही फोनमध्ये आहे, सर,’ तो म्हणाला.

‘तुझ्या यादीत दिसत नाही?’

त्याने ड्रॉवर ओढला. आत काच फुटलेला, रबरबँड लावलेला एक जुनाट फोन चार्जिंगला होता.

‘कंपनीचं ॲप याच्यावर आहे,’ तो म्हणाला आणि ड्रॉवर लावून टाकला.