डिजिटल साक्षरतेचं शिबिर घेताय? मग हे वाचाच

गावात डिजिटल साक्षरतेचं शिबिर घ्यायचं तुमच्या मनात आलं, उत्तम झालं. आधी बॅनर छापा. आमदार, सभापती, सरपंच आणि तंटामुक्तीचे अध्यक्ष यांचे फोटो लावून जागा उरली, तर विषयही लिहून टाका. तारीख मात्र ऐन कापूस वेचणीची धरा. बाया वावरात असतात, म्हणजे उलटे प्रश्न विचारणारं कोणी फिरकत नाही. खुर्च्या भरायला शाळेची पोरं आहेतच.

केंद्र सरकारनं 2017 साली असंच एक अभियान काढलं होतं. ग्रामीण भागातल्या 6 कोटी घरांतून घरटी एक माणूस घ्यायचा आणि त्याला 20 तास शिकवायचं, असा बेत होता. 20 तास! एवढ्या वेळात आपल्याकडे दोन सत्कार समारंभ आणि एक उद्घाटन उरकतं. तुम्ही 40 मिनिटांत आटपा, त्यातली 25 हारतुऱ्यांना.

शिकवायचं काय? बटणं शिकवा. कुठं दाबलं की काय उघडतं, बस. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे एक वाक्य मात्र तोंडून निसटू देऊ नका. ते एकदा गावाला कळलं की ‘सोयाबीनच्या नुकसानभरपाईचे पैसे टाकतो, पिन मारा’ म्हणणाऱ्यांनी जगावं कसं? बिचारे कुठून कुठून फोन करतात. पीएम किसानच्या नावानं व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या, उघडली की मोबाइलमध्ये ॲप बसवणाऱ्या एपीके फाईलबद्दलही गप्प राहा. वर्षाचे 6000 रुपये तीन हप्त्यांत थेट खात्यात येतात, अनोळखी फाईल उघडून येत नाहीत, एवढं समजायला लोकांना खातं रिकामं होईपर्यंत वेळ द्यावा. अनुभवासारखा गुरू नाही.

प्रात्यक्षिकाला गावातल्या सेवा केंद्रावर चला. तिथं आधारवर पैसे काढून मिळतात. वेचणीनं आजीची बोटं घासलेली, बोंडाच्या टोकांनी चिरलेली. मशीनला रेषाच सापडत नाहीत. ‘आजी, केसावरून बोट फिरव, तेल लागू दे,’ पोरगा सांगतो. आजी फिरवते, पदराला पुसते, पुन्हा फिरवते. ‘नाही लागला. परत ठेव.’ ती परत ठेवते. तिसऱ्या खेपेला 1000 रुपये हातात पडतात. दुसऱ्या खेपेचा अंगठा खरंच लागला नव्हता, की तेव्हाही 1000 निघाले, हे विचारणं बरं दिसत नाही. पावती मागणं तर त्याहून वाईट. कागदाचा रोल संपलेलाच असतो. अंगठ्याचा वापर आधारच्या संकेतस्थळावरून फुकट लॉक करून ठेवता येतो, हे आजीला सांगून तिच्या डोक्याला कशाला ताप द्यायचा? तिला विश्वासाचं महत्त्व सांगा. मशीनच्या पलीकडे बसलेल्या पोराला नीतिमत्ता शिकवायची गरज नाही. त्याच्या डोक्यावर भिंतीला प्रमाणपत्र टांगलंय, वाचून घ्या.

मग खासगीपणाचा तास. विहिरीच्या अनुदानाची यादी आधार क्रमांक आणि खाते क्रमांकांसकट गावाच्या ग्रुपवर टाका आणि त्याला पारदर्शकता म्हणा. उरलेल्या झेरॉक्स चौकातल्या ठेल्यावर द्या. आलूबोंड्याचं तेल शोषायला आधार कार्डासारखा कागद नाही. ग्रामपंचायतीचा लॉगिन आणि पासवर्ड कॉम्प्युटरलाच चिकटवून ठेवा, म्हणजे ऑपरेटर सुटीवर गेला तरी काम अडत नाही. कामाचा वेग किती वाढू शकतो, हे यवतमाळ जिल्ह्यानं 2025 मध्ये दाखवून दिलं आहे. आर्णी तालुक्यातल्या शेंदुरसनी ग्रामपंचायतीच्या नावावर 27 हजारांवर जन्मनोंदी निघाल्या. गाव दीड हजाराच्या आसपासचं!

मुलांचं काय, असं कोणी विचारेलच. त्याच जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बान्सीच्या ग्रामसभेनं 2022 मध्ये 18 वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदी केली. निर्णयाची बातमी मोठ्यांनी आपापल्या मोबाइलवर वाचली. 18 च्या वरच्यांना बंदी घालावी, असा ठराव कोणत्याच गावात कसा येत नाही, कोण जाणे.

ग्रुप चालवण्यात आपण मागासलेले नाही, तिथं शिकवण्यासारखं फार नाही. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावानं ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. अफवा मोबाइलवरूनच पसरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल, असं जाहीर केलं. अशा वेळी खचून जाऊ नका. कॉपी-पेस्टला कोणी मर्यादा घातलेली नाही. ॲडमिननं तर निर्धास्त राहावं. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं, दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुरासाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणाला जबाबदार धरता येत नाही, असं म्हटलंय. हा भाग लॅमिनेट करून घ्या. ‘समान हेतू किंवा आधी ठरवून केलेलं नसेल तर’ हे शब्द कडेला आहेत, कापताना जातील.

आणि गावात कोणा शेतकऱ्यानं जीव दिला, तर आधी मोबाइल काढा. चेहरा स्पष्ट यावा. चिठ्ठी सापडली असेल तर तिचाही फोटो, अक्षर वाचता येईल इतक्या जवळून. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं की झालं. सासरी दिलेली त्याची लेक तेव्हा बाजाराहून परतताना एसटीत असते. ‘बाबांची तब्येत बरी नाही, घरी ये,’ एवढंच सांगायचं भावानं ठरवलेलं असतं. त्याचा फोन लागायच्या आत बाजूच्या सीटवरची बाई विचारते, ‘वो माय, हे तुह्याच गावचे हायेत का?’ तुमचं नेटवर्क भावापेक्षा जलद ठरलं, ही तंत्रज्ञानाची किमया.

फसवणूक झालीच तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करू नका. लगेच केला तर पैसे पुढच्या खात्यात जायच्या आधी अडवले जाण्याचा धोका असतो. आधी मेव्हण्याला विचारा, मग पानठेल्यावर चर्चा करा. चार दिवसांनी ठाण्यात जा, तोवर पैसा चार राज्यं फिरून आलेला असेल.

शेवटी परीक्षा. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ हे वाक्य सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घ्या. मग प्रमाणपत्रासाठी प्रत्येकाचा नंबर टाका, आणि ज्याच्या मोबाइलवर जो ओटीपी येईल तो त्यानं उभं राहून, मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असा सांगायचा. एखादी मावशी मोबाइल छातीशी धरून बसेल, म्हणेल, ‘काहून जी भाऊ, आत्ताच त सांगतलं ना तुमी, का कोणाले सांगाचा नाई?’

तिला नापास करा.