प्रेशर वाढवलं म्हणून हवा वाढत नाही

वर्कशॉपवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर कॉम्प्रेसरच्या दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या अवजारांबद्दल (एअर टूल) एक सल्ला फिरत असतो: ‘एअर टूलला जोर येत नसेल तर प्रेशर स्विच ७ वरून ९ बारवर न्या. तरी भागलं नाही तर मोठी टाकी बसवा. नवा कॉम्प्रेसर घेताना एचपी बघा, बाकी सगळं सारखंच. बारीकसारीक गळतीचं टेन्शन घेऊ नका, हवा फुकट असते.’ चार वाक्यं, आणि चारही खिशाला चाट लावणारी.

‘७ वरून ९ बारवर न्या’

बार हा दाब. सीएफएम म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा येते. टाकीच्या गेजवर ७ बार दिसतोय आणि इम्पॅक्ट रेंच (नट-बोल्ट आवळायचं-सोडायचं एअर टूल) तरी मरगळलेली, याचा अर्थ बहुतेक वेळा दाब वाटेत खर्च होतोय. टूलच्या तोंडाशी टी (तीन तोंडांचा जोड) टाकून गेज लावा आणि ट्रिगर दाबलेला असताना वाचा. ट्रिगर सोडल्यावरचं रीडिंग बिनकामाचं, कारण हवा वाहत नसेल तर पाइपात दाब कमी होतच नाही. चालू टूलला काटा साडेचारवर आला, तर एकेक पायरी मागे जा: होजच्या आधी, एफआरएलच्या (फिल्टर, रेग्युलेटर आणि तेल सोडणारा ल्युब्रिकेटर यांचा संच) आधी, लाइन फिल्टरच्या आधी. जिथे काटा एकदम वर उडी मारतो, त्याच्या पुढच्याच, म्हणजे टूलकडच्या, भागात दोष.

हा भाग बऱ्याचदा ८ मिमीची पीयू (पॉलियुरेथेन) होज निघतो. ८ मिमी हे बाहेरचं माप. आतलं भोक सहसा ५ मिमीच असतं. हवा तेवढीच ठेवली तर दाबातली घट आतल्या व्यासाच्या साधारण पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. १२ मिमीची होज लावली की भोक ८ मिमी होतं आणि घट जवळपास दहाव्या हिश्श्यावर येते. क्विक कपलरही त्याच मापाचा मोठा घ्या, नाहीतर होज बदलून काही उपयोग नाही.

हे न करता स्विच फिरवला तर? दर बारमागे वीज साधारण ७ टक्के वाढते. मोटर आधीच पूर्ण लोडवर असेल तर ओव्हरलोड रिले ट्रिप होतो, म्हणजे मोटर बंद पाडतो. गळतीही सुमारे २५ टक्क्यांनी वाढते, कारण ती निरपेक्ष दाबावर (गेजवरचा दाब अधिक वातावरणाचा १ बार) ठरते आणि तो ८ वरून १० होतो. एवढ्यावर न थांबता काही जण उडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह आवळून ठेवतात. टाकीच्या प्लेटवर लिहिलेल्या कमाल दाबापलीकडे जाण्याची चर्चासुद्धा नको.

‘मोठी टाकी बसवा’

टाकी हवा साठवते, तयार करत नाही. ५०० लिटरच्या टाकीत दाब ८ वरून ६ बारवर उतरेपर्यंत १,००० लिटर, म्हणजे ३५ घनफूट मोकळी (वातावरणाच्या दाबातली) हवा मिळते. कॉम्प्रेसर १० सीएफएमने कमी पडत असेल तर ही शिल्लक साडेतीन मिनिटांत संपली. पुढे रडगाणं तेच. वापर अधूनमधून उसळत असेल तिथे मात्र मोठी टाकी खरंच कामाची.

‘एचपी बघा, बाकी सारखंच’

बघायचा आकडा एफएडी (फ्री एअर डिलिव्हरी): कॉम्प्रेसर प्रत्यक्ष जी हवा देतो, तिचं बाहेरच्या, आत ओढल्या जाणाऱ्या हवेच्या स्थितीतलं माप. पिस्टन मशीनच्या कोटेशनमध्ये पुष्कळदा मोठ्या अक्षरात पिस्टन डिस्प्लेसमेंट छापतात. तो नुसता सिलिंडरचं घनफळ आणि आरपीएम यांचा गुणाकार. एफएडी त्याहून २० ते ३५ टक्के कमी भरू शकते. डिस्प्लेसमेंट ४५ सीएफएम असलेला १० एचपीचा कॉम्प्रेसर ३४ च देत असेल तर नवल नाही. कोटेशनवर ‘अमुक बारला एफएडी इतकी’ असं लिहून घ्या. दाब न लिहिलेली एफएडी अर्धवटच.

‘हवा फुकट असते’

वातावरणातली फुकट, दाबलेली नाही. कॉम्प्रेसर खातो त्यातली बहुतांश वीज उष्णता होऊन निघून जाते. ७ बारच्या लाइनला ३ मिमीचं एक स्वच्छ गोल भोक असेल तर त्यातून २० सीएफएमच्या वर हवा जाते, म्हणजे जवळपास ४ किलोवॅट. दर ९ रुपये युनिट धरा आणि वर्षाला ६,००० तास: दोन लाखांच्या पुढे.

गळती मोजायला पैसे लागत नाहीत. सुट्टीच्या दिवशी सगळी यंत्रं बंद, लाइनचे व्हॉल्व्ह उघडे, कॉम्प्रेसर चालू. तो किती वेळ भरतो आणि किती वेळ थांबतो, हे चार-पाच फेऱ्या घड्याळ लावून लिहा. २ मिनिटं भरला, ६ मिनिटं थांबला, तर २ भागिले ८, म्हणजे २५ टक्के गळती. वरच्या ३४ सीएफएमच्या मशीनमधले साडेआठ सीएफएम, १० एचपीतले अडीच एचपी, नुसते फुस्स. मग साबणाचं पाणी घेऊन कपलर, एफआरएलचे बाउल, सिलिंडरच्या रॉडची सीलं आणि ऑटो ड्रेन (साचलेलं पाणी आपोआप सोडणारा व्हॉल्व्ह) तपासा. ऑटो ड्रेन कचरा अडकून उघडाच राहतो आणि त्याची फुसफुस पाणी निघाल्याचा आवाज समजून सोडून दिली जाते.