माटोळीची फळं रानातून कोण आणतं?

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की वाळपई, साखळी, फोंडा, म्हापसा, जिथे जाल तिथे माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळांचा, बाजार भरतो. कांगण्यांचे घोस, कवंडळं, शेरवड, आंबाडे, नागुलकुड्याची फळं. हे सगळं गणपतीच्या डोक्यावर टांगल्याशिवाय गोव्यातल्या घरात चवथ झाल्यासारखी वाटत नाही. परवा या बाजारात एक गृहस्थ कांगण्यांच्या घोसावरून एका म्हाताऱ्या बाईशी हुज्जत घालत होते. "रानातलंच तर आहे, तुला काय विकत आणावं लागतं?" ते वाक्य अजून टोचतंय, म्हणून लिहितोय.

माझ्या आतेचं सासर सत्तरी तालुक्यातलं, अभयारण्याला लागून. तिच्याबरोबर मी दोनदा चवथीआधी रानात गेलोय. पावसाची रिपरिप, पायांना जळवा, चढावर निसरडी माती. कांगणीची वेल झाडाच्या शेंड्यापर्यंत चढते. बुंध्याशी कोयतीचा एक घाव घातला तर सगळी वेल खाली ओढता येते. आते तसं करत नाही. तिचा मुलगा काठीला आकडी बांधून पिकलेले तेवढेच घोस काढतो. मी घाई केली तेव्हा ती म्हणाली होती, "वेल तोडलीस तर येत्या चवथीक काय बांधतलंस रे?" दिवसभर हिंडून दोन पाट्या भरतात. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने बाजार. चवथ उजाडली की उरलेल्या मालाला कुणी विचारत नाही.

आणि हे फक्त चवथीपुरतं नाही. एप्रिल-मेमध्ये भिरंडं, म्हणजे कोकमं. सालं रसात बुडवायची, वाळवायची, परत बुडवायची, परत वाळवायची, आणि सोलं (आमसुलं) तयार होता होता वळवाचा पाऊस आला की बुरशी. बियांचं तेल, भिरंडेल, पूर्वी घरातच भेगाळलेल्या टाचांना लागायचं. आज तेच कोकम बटर म्हणून महागड्या क्रीममध्ये जातं, आते मात्र अजून बिया वाळवून वजनावर देते. पावसात अळमी (रानातल्या अळंब्या), पाऊस सरता सरता काटेरी झाडावरची तिरफळं. जूनमध्ये शेतात पैसा जातो, येत नाही. तेव्हा पोरांच्या वह्या आणि घरचा किराणा याच पैशांतून येतो, आणि तो बाईच्या हातात येतो.

गेल्या वर्षी वाटेत एका नाक्यावर आतेची पाटी उघडून बघितली आणि तिला परत पाठवलं. वन्यजीव कायद्यानुसार अभयारण्यातलं रानउत्पन्न तिथल्या लोकांना घरच्या गरजेपुरतंच नेता येतं, व्यापारासाठी नाही. पण 2006 चा वनहक्क कायदा गौण वनोपज, म्हणजे लाकूड सोडून असं रानउत्पन्न, गोळा करण्याचाच नव्हे, विकण्याचाही हक्क देतो, अभयारण्यातसुद्धा. गोव्यात या कायद्याखाली हजारो दावे दाखल आहेत, पण बहुतेक एकेकट्याच्या जमिनीचे. गावाने मिळून रानउत्पन्नावर केलेले दावे त्या मानाने फारच थोडे.

गावडा, कुणबी आणि वेळीप 2003 पासून अनुसूचित जमातींत आहेत. या कायद्याखाली हक्क मागताना इतरांना, धनगर-गवळ्यांनासुद्धा, 13 डिसेंबर 2005 च्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे 75 वर्षांची वस्ती दाखवावी लागते. हिशेब करा, 1930. तेव्हा इथे पोर्तुगीज राज्य होतं. आतेच्या सासऱ्याने त्या काळातला कागद कुठून आणायचा? मात्र गावातल्या जाणत्यांचं लेखी म्हणणंही पुरावा म्हणून धरता येतं, हे नियमातच आहे. किती गावांना हे कुणी जाऊन सांगितलं?

सत्तरीतलं म्हादई अभयारण्य 1999 मध्ये जाहीर झालं. जुलै 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तिथे व्याघ्र क्षेत्र जाहीर करण्याचा आदेश दिल्यापासून दोन्ही बाजूंनी भांडण चाललंय. मला वाघही हवा आहे आणि रानही. पण त्या भांडणात जमीन असते, घरं असतात, भिरंडाचं झाड कुठेच नसतं. कला आणि संस्कृती खातं दरवर्षी माटोळीची स्पर्धा घेतं, शेकडो जिन्नस टांगणाऱ्यांना बक्षिसं मिळतात. चांगलंच आहे. ते जिन्नस ओळखणाऱ्या बाईला ते काढण्याचा हक्क कागदावर मिळाला तर मला जास्त आनंद होईल.

सत्तरीतल्या, सांगेतल्या, काणकोणातल्या मित्रांनो, ग्रामसभेत सामूहिक दाव्याचा विषय घ्या, आणि त्यात रानउत्पन्नाची यादी नावानिशी घाला. आमच्या आतेच्या गावची यादी मी गेल्या रविवारी लिहायला बसलो. ती सांगत गेली, वहीची चार पानं भरली. रात्री दहाला तिचा फोन आला. तिरफळं सांगायची राहिली होती.