लाल रुमाल बांधला म्हणजे वायपर होत नाही

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या क्लिंटनला शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेची मोठी लोको शेड, म्हणजे इंजिनं ठेवायची आणि दुरुस्त करायची जागा, होती. एप्रिल 1943 मध्ये सरकारी छायाचित्रकार जॅक डेलानो तिथे गेले आणि इंजिनं धुणाऱ्या-पुसणाऱ्या बायकांचे, म्हणजे वायपर बायकांचे, रंगीत फोटो काढले. हे फोटो आज इंटरनेटवर सतत फिरतात आणि थोड्याफार फरकाने त्यांच्याखाली एकच मजकूर असतो. तो असा: दुसऱ्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले, म्हणून बायका पहिल्यांदा रेल्वेत आल्या, त्यांनी वाफेची इंजिनं चालवली, शेडमधल्या बायकांचं काम मात्र फडकं मारण्यापुरतंच होतं, हे फोटो नंतर रंगवलेले आहेत, युद्ध संपलं तशा सगळ्या आनंदाने घरी परतल्या. शेवटी एक सल्लाही असतो. वारसा रेल्वेवर (जुनी इंजिनं जपून चालवणाऱ्या रेल्वेवर) हे दृश्य पुन्हा उभं करायचं तर ठिपक्यांचा लाल रुमाल, निळी डंगरी, हातात मोठा पाना आणि गालावर काजळीचा फराटा, एवढं पुरे.

यातलं जवळजवळ सगळंच चुकीचं आहे. शेवटचा सल्ला तर तापलेल्या इंजिनाशेजारी धोक्याचाही आहे.

«बायका पहिल्यांदा रेल्वेत आल्या»

त्या आधीच्या महायुद्धातही आल्या होत्या. अमेरिकी सरकारने तेव्हा रेल्वे आपल्या ताब्यात घेतल्या होत्या आणि ऑक्टोबर 1918 मध्ये त्यांवर एक लाखाहून जास्त बायका कामाला होत्या. त्यातल्या बहुतेक कचेरीत होत्या, तरी शेडमध्ये आणि कारखान्यांतही होत्या. त्याच वर्षीच्या सरकारी आदेशात पुरुषाच्या जोडीचं काम करणाऱ्या बाईला त्याच दराने पगार द्यावा, असं स्पष्ट लिहिलं होतं. 1943 सालच्या फोटोंना «पहिल्यांदाच» असं शीर्षक दिलं की ही सगळी पिढी पुसली जाते.

«त्यांनी इंजिनं चालवली»

अमेरिका आणि ब्रिटनबद्दल बोलायचं तर, तुरळक अपवाद सोडून, नाही. कारण अंगातल्या ताकदीत नव्हतं, ज्येष्ठतेच्या यादीत, म्हणजे नोकरीत कोण आधी लागलं त्या क्रमात, होतं. ब्रिटनमध्ये माणूस आधी इंजिन पुसायला लागायचा, मग फायरमन (भट्टीत कोळसा टाकणारा) व्हायचा आणि कित्येक वर्षांनी ड्रायव्हर. युद्धात बायकांना पुसण्याच्या कामावर घेतलं, पण वर जाणारी ही शिडी त्यांच्यासाठी बंद ठेवली. अमेरिकेतही फायरमन आणि इंजिनिअर (तिथे ड्रायव्हरला इंजिनिअर म्हणतात) यांच्या याद्या पुरुषांच्याच राहिल्या.

वाफेचं इंजिन चालवणाऱ्या बायका हव्या असतील तर सोव्हिएत संघाकडे पाहावं. झिनाइदा त्रोइत्स्काया युद्धाच्या आधीच ड्रायव्हर झाल्या होत्या. येलेना चुख्नुक यांनी स्टालिनग्राडच्या लढाईच्या काळात गाड्या चालवल्या आणि 1943 मध्ये त्यांना समाजवादी श्रमवीर हा किताब मिळाला. अमेरिकी इंजिनाच्या कॅबमध्ये (ड्रायव्हरच्या खोलीत) बाईला थ्रॉटलवर, म्हणजे वाफ सोडायच्या दांड्यावर, हात ठेवून उभं केलं आणि खाली «1943» लिहिलं, तर तो फोटो खोटा ठरतो. ज्या यादीने तिला कॅबपासून लांब ठेवलं, ती यादीही त्या फोटोत झाकली जाते.

«काम फडकं मारण्यापुरतं होतं»

क्लिंटनमधल्या या बायकांच्या हुद्द्याचं नाव वायपर. नावामुळे काम हलकं वाटतं, पण ते तपासणीचंच पहिलं पाऊल होतं. 1911 च्या अमेरिकी कायद्याने बॉयलरची आणि 1915 च्या दुरुस्तीने अख्ख्या इंजिनाची तपासणी बंधनकारक केली. इंजिन फेरी करून आलं की चाकं, चाकांना फिरवणारे दांडे, स्प्रिंगा, फ्रेम यांच्यावर वंगण, राख, रुळावरची धूळ आणि ब्रेकच्या बुटांची (चाकाला दाबणाऱ्या ठोकळ्यांची) लोखंडी भुकटी यांचा डांबरासारखा थर बसलेला असतो. दांड्याला गेलेली केसाएवढी चीर, सैल झालेला नट, पडून गेलेली कॉटर पिन (नट निसटू नये म्हणून घातलेली खीळ), सगळं त्या थराखाली लपतं. वायपरने थर काढला नाही तर तपासनीस नुसता थरच तपासून जाणार.

डेलानोंच्या सर्वात प्रसिद्ध फोटोत व्हायोला सीव्हर्स एच वर्गाच्या अजस्र इंजिनावर वाफेचा झोत मारताना दिसतात. हा वर्ग 1929 मध्ये बाल्डविनने बांधला, एकूण 35 इंजिनं. त्याची मोठी चाकं उभ्या माणसाच्या उंचीची. फोटोत दिसतो तो झोत म्हणजे बागेतला पाइप नव्हे, आणि पुनर्निर्मितीत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. म्हणून क्रम नीट सांगतो.

आधी इंजिन जागेवर बांधून ठेवायचं. थ्रॉटल बंद केला तरी तो थोडा गळत असतो. वाफ हळूहळू सिलिंडरमध्ये साठते आणि उभं इंजिन आपोआप चार-सहा फूट सरकू शकतं. म्हणून सिलिंडरचे ड्रेन कॉक (पाणी-वाफ बाहेर सोडायच्या तोट्या) उघडे, रिव्हर्सर (पुढे-मागे जाण्याची दिशा ठरवणारा दांडा) मधल्या खाचेत, हँडब्रेक आवळलेला आणि चाकांना दोन्ही बाजूंनी पाचरी. मग इंजिनावर निळा झेंडा. अमेरिकी रेल्वेत निळा झेंडा किंवा निळा दिवा म्हणजे «इथे माणसं काम करताहेत, हात लावू नका» आणि तो ज्यांनी लावला त्यांनीच काढायचा. पुनर्निर्मितीच्या फोटोंत हा झेंडा क्वचितच दिसतो. तो असेल तर फोटो खराही होतो आणि माणसंही सुरक्षित राहतात.

मग होज, म्हणजे वाफेची नळी. नळीचं तोंड जमिनीकडे, कुणाच्याही अंगाच्या दिशेने नाही, आणि दोन्ही हातांची पकड बसल्यावरच दुसऱ्या माणसाने व्हॉल्व्ह पाव फेरा उघडायचा. होज थंड असतो, आत गेलेल्या वाफेचं पाणी होतं आणि पहिले काही क्षण उकळत्या पाण्याच्या गुळण्या बाहेर पडतात. या क्षणी होज एका हातात असला तर तो सापासारखा उसळतो. फुरफुर थांबून झोत एकसारखा झाला की मग पूर्ण उघडायचा. आणखी एक गोष्ट फोटोग्राफरनेही ध्यानात ठेवावी: नळीच्या तोंडाशी खरी वाफ दिसतच नाही. जो पांढरा ढग दिसतो ते गार होऊन बनलेले पाण्याचे थेंब असतात. तोंडापासून ढगापर्यंतचं अंतर रिकामं वाटतं आणि भाजतं तिथेच.

जाड थर आधी खरवडणीने काढायचा, मग वरून खाली झोत. काही जागा टाळायच्या. एक्सलच्या (चाकांच्या आसाच्या) पेट्यांत पाणी गेलं तर आतलं वंगण धुऊन निघतं आणि पुढच्या फेरीत पेटी तापून लाल होते. कॅबमधल्या पाणीपातळीच्या काचेवर गार पाणी उडालं तर ती तडकते. हेडलाइटचा डायनॅमो आणि हवेचा पंप यांच्यावर थेट झोत मारायचा नाही.

झोताने तेलाचा थरही निघून जातो. चकचकीत दांडे तसेच सोडले तर एका रात्रीत गंज धरतात, म्हणून लगेच तेलात बुडवून पिळलेलं कॉटन वेस्ट (सुताच्या टाकाऊ धाग्यांचा गोळा) फिरवायचं. पण चाकाच्या रुळावर टेकणाऱ्या कडेला आणि ब्रेकच्या बुटाला तेलाचा थेंबही लागू द्यायचा नाही, नाहीतर सुटताना चाकं जागच्या जागी फिरतात. कॉटन वेस्टचे सुटे धागे आत दुमडून गोळा करायचा. धागा कॉटर पिनला अडकला तर हात खेचला जातो आणि तेलाच्या भोकात राहिला तर भोक बुजतं. वापरलेलं वेस्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, फायरबॉक्सपासून (इंजिनाच्या भट्टीपासून) लांब.

शिवाय चाकांचा काही भाग दांड्यांआड राहतो. म्हणून सगळ्यांनी बाहेर यायचं, डोकी मोजायची, झेंडा काढायचा, घंटा द्यायची, इंजिन चाकाच्या पाव फेऱ्याएवढं सरकवायचं आणि झेंडा पुन्हा लावून उरलेलं धुवायचं. हे «फडकं मारणं» असेल तर मग शेडमधलं कुठलंच काम काम नव्हतं.

वारसा रेल्वेवर हा प्रसंग उभा करताना बहुतेक दृश्यं थंड इंजिनावर घ्यावीत. तापलेल्या इंजिनावर झोताचं दृश्य हवंच असेल तर होज धरणारी व्यक्ती शेडची प्रशिक्षित कर्मचारी असावी, व्हॉल्व्हजवळ दुसरा माणूस फक्त त्यासाठीच उभा असावा आणि बाकी सगळे झोताच्या मागे. पहाटेचा गारवा असेल तर ढग दाट दिसतो. उन्हात दुपारी तो विरून जातो, आणि मग लोक जास्त वाफ मागू लागतात. तिथेच थांबावं.

«ठिपक्यांचा रुमाल, डंगरी, पाना, काजळी»

ठिपक्यांचा लाल रुमाल रेल्वेचा नाही. तो जे. हॉवर्ड मिलर या चित्रकाराच्या «वी कॅन डू इट!» या पोस्टरमधून आला. ते 1943 मध्ये वेस्टिंगहाउस कंपनीच्या कारखान्यांत थोडेच दिवस लावलं होतं आणि घरोघरी पोचलं ते 1980 च्या दशकात. क्लिंटनच्या बायकांच्या डोक्याला रुमाल आहेत, पण एका छापाचे नाहीत. ज्याच्या त्याच्या घरचे, वेगवेगळ्या रंगांचे. रुमाल केस गुंतू नयेत म्हणून असतो. पुढे बट काढून ठेवली तर तो बांधण्यात अर्थच नाही. गाठीची टोकंही आत खोचायची.

कापड शंभर टक्के सुती किंवा लोकरी. आज बाजारात मिळणाऱ्या «जुन्या पद्धतीच्या» डंगऱ्यांत पॉलिस्टर मिसळलेलं असतं. निखाऱ्याने ते वितळून कातडीला चिकटतं. विकत घेण्याआधी शिवणीच्या आतल्या कापडाचा एक धागा काढून बाहेर मोकळ्या जागी जाळून पाहा. राख झाली तर सुती, काळी कडक गोळी झाली तर दुकानातच ठेवा. लोंबणारे पट्टे नकोत. अंगठी, बांगड्या, गळ्यातलं घरी. बूट पोटरीपर्यंत लेस असलेले, चामड्याचे, तळवा न घसरणारा. स्टीलच्या टोपीचे आजचे बूट काळे असतील तर फोटोत कुणाच्या लक्षातही येत नाहीत. डोळ्यांवरचा सुरक्षा चष्मा फक्त थंड इंजिनाजवळच्या फोटोपुरता काढावा, तोही शेडच्या माणसाला विचारून.

पाना वायपरच्या हातात नसायचा. नट सैल दिसला तर ती मशिनिस्टला, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्या कारागिराला, सांगायची. तो त्याचा हुद्दा, त्याची युनियन आणि त्याचा पगार. लांब तोटीची तेलाची कुपी इंजिनिअरच्या हातातली. वायपरच्या हातात कॉटन वेस्ट, खरवडणी, बादली, होज.

काजळीचा गालावरचा तिरका फराटा तर अगदी नको. खरी घाण तेलकट असते आणि मनगटापासून कोपरापर्यंत, पोटावर, मांडीच्या पुढच्या बाजूला आणि गुडघ्यांवर बसते, कारण माणूस चाकाला टेकून काम करतो. धुरपेटीतली (बॉयलरच्या पुढच्या, धूर जमणाऱ्या भागातली) खरी काजळी किंवा वापरलेलं तेल तोंडाला कधीही लावू नये. दोन्ही कातडीला आणि डोळ्यांना घातक. नाटकवाल्यांकडचा रंग घ्यावा. जुन्या बॉयलरवरच्या आवरणात अॅस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा सुटलेल्या पत्र्याशी खेळू नये.

«फोटो नंतर रंगवलेले आहेत»

नाहीत. ते कोडाक्रोम या रंगीत फिल्मवरच काढलेले आहेत आणि मूळ पारदर्शिका (फिल्मवरचीच रंगीत चित्रं) अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. त्या काळच्या कोडाक्रोमची संवेदनशीलता आजच्या मापात 10 च्या आसपास होती. अंधाऱ्या शेडमध्ये त्यावर चित्र उमटायला फ्लॅशबल्ब लागायचे आणि माणसांना स्थिर राहावं लागायचं. म्हणून त्या चेहऱ्यांत एक ठाम ठेहराव दिसतो. पुनर्निर्मितीचे फोटो तपकिरी करून «जुने» करण्याची गरज नाही. 1943 चे रंग गडद आणि भरीव होते. काळं इंजिन प्रकाश गिळतं, तेव्हा एक्स्पोजर चेहऱ्यावर ठेवा आणि बाजूने एकच जोरदार फ्लॅश द्या.

«सगळ्या आनंदाने घरी परतल्या»

1940 च्या सैन्यभरतीच्या कायद्याने परत येणाऱ्या सैनिकाला जुनी नोकरी मागण्याचा हक्क दिला होता. ज्येष्ठतेच्या यादीत बायका सगळ्यात खाली. त्यामुळे ज्यांना राहायचं होतं त्यांनाही जावं लागलं. क्लिंटनच्या फोटोंखालच्या नोंदी वाचा: दोन मुलांची आई, तीन मुलांची, चार मुलांची. त्यांच्या घराला त्या पगाराची गरज 1945 मध्ये संपली, असं मानायला काहीच आधार नाही.

या मजकुरात जे अजिबातच नसतं तेही सांगायला हवं. रेल्वेतल्या बायका फक्त गोऱ्या नव्हत्या आणि फक्त शेडमध्ये नव्हत्या. 1943 मध्येच बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या रुळांवर काम करणाऱ्या बायकांचे फोटो आहेत. काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या बायकांनीही रेल्वेची अंगमेहनतीची कामं केली. हा प्रसंग उभा करायला इंजिन लागतही नाही. वाहतूक बंद असलेली साइडिंग (मुख्य मार्गाच्या बाजूचा रूळ), लांब दांड्याची फावडी, खडीचे दातेरी काटे आणि स्लीपरखाली खडी ठासायच्या जड पहारी एवढं सामान लागतं. पहार खरी असेल तर चौथ्या-पाचव्या घावाला खांदे आपोआप खाली येतात. तेवढ्यावर थांबून माणसं बदला, कारण दमलेल्या हातातून पहार सुटली तर ती शेजारच्याच्या नडगीवर येते.